जस्ताची छत्री किती वेळ टिकते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी आगाशीच्या रस्त्याला थोडा वेळ उभं राहिलं, तर दोन प्रकारची माणसं उन्हातून जाताना दिसतात. विरार स्टेशनला उतरून अर्नाळ्याच्या किनाऱ्याकडे निघालेली मुंबईची मंडळी हा एक प्रकार. वाडीत भाजी खुडणारी, केळीला पाणी सोडणारी, अर्नाळ्याला वलांडीवर बोंबील वाळत घालणारी इथलीच माणसं हा दुसरा. पहिल्यांच्या पिशवीत सनस्क्रीनची ट्यूब असते. दुसऱ्यांच्या डोक्यावर पदर असतो, टोपी असते, नाहीतर काहीच नसतं. उन्हात आयुष्य काढतात ते दुसरे. मलमाविषयीची सगळी माहिती मात्र छापलेली असते ती पहिल्यांसाठी.

त्या माहितीतलं एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं, ‘दर दोन तासांनी पुन्हा लावा.’ हल्ली आगाशी-विरारकडच्या औषधाच्या दुकानांतही ‘मिनरल’ असं लिहिलेलं सनस्क्रीन मिळतं. डॉक्टर ते लिहून देतात, मुली एकमेकींना सुचवतात. ते नेमकं काय करतं आणि हे दोन तास आले कुठून, याविषयी आज बोलू. दोन तासांचा आकडा चुकीचा नाही, पण तो घड्याळाकडे बघायला शिकवतो. बघायचं असतं ते आपल्या कातडीवरच्या थराकडे.

आधी उन्हाचं बोलू. सूर्याकडून आपल्याकडे येतो तो उजेड, येते ती ऊब आणि येतात ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांचे दोन भाग मानतात. ‘बी’ प्रकारचे किरण थोडे, साधारण पाच टक्के. पण कातडी भाजते ती मुख्यतः त्यांनी. ‘ए’ प्रकारचे किरण उरलेले पंचाण्णव टक्के. ते कातडीत खोलवर शिरतात, चटका देत नाहीत, पण वर्षानुवर्षं काम करून सुरकुत्या आणि काळे डाग मागे ठेवतात. खिडकीची काच ‘बी’ला बऱ्यापैकी अडवते, ‘ए’ला फारशी नाही.

ऊब आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवायला हवं. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर दुपारी खारा वारा सुटला की ऊन लागत नाही असं वाटतं. लागत नाही ती ऊब. किरण तेवढेच येतात, उलट थोडे जास्तच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे किनाऱ्यावरची कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परतवते आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के. पाण्यात अर्धा मीटर खालीही पृष्ठभागावरच्या सुमारे ४० टक्के किरण पोहोचतात. म्हणजे गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून ‘आता ऊन कुठलं’ असं म्हणणाऱ्याचे खांदे भाजतच असतात. पातळ ढगांचाही भरवसा धरू नये.

आगाशीत सूर्य माथ्यावर येतो तो बाराच्या ठोक्याला नव्हे. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, प्रयागराजच्या बाजूचं. आगाशी त्याच्या पश्चिमेला सुमारे पावणेदहा अंश. त्यामुळे इथली खरी मध्यान्ह होते साधारण साडेबारा-पाऊणच्या सुमारास. दुपारचे तीन म्हणजे ऊन कललं, असं आपण धरतो. प्रत्यक्षात मे महिन्यात तीनचं ऊन सकाळच्या सव्वादहाच्या उन्हाइतकंच कडक असतं. मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो. जुलैत तो ढगांआड असतो, मेमध्ये नसतो. अतिनील निर्देशांक म्हणून जो आकडा असतो, तो ३ च्या वर गेला की काळजी घ्यावी असं सांगतात. ११ म्हणजे अतितीव्र. कोकणपट्टीत एप्रिल-मेच्या दुपारी तो ११ च्या वर जातो.

हा आकडा मोबाइलवर मिळतो, पण वाडीत काम करताना मोबाइल कोण बघतो? त्याला साधा उपाय आपली सावली. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की ऊन जोरात आहे असं समजावं. आगाशीत मे महिन्यात हा काळ साधारण साडेनऊ ते पावणेचार. जुनी माणसं भल्या पहाटे वाडीत उतरून न्याहारीच्या वेळेला परतत, ती काही अतिनील किरणांचा विचार करून नव्हे. पण त्यांचा हिशेब बरोबर होता.

आता मलमाकडे येऊ. मिनरल सनस्क्रीनमध्ये काम करणारे पदार्थ दोनच. झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्त जाळल्यावर उरते ती पांढरी भुकटी; आणि टायटॅनियम डायऑक्साइड. दोन्ही आपल्याला परके नाहीत. बाळाला लंगोटाने पुरळ आलं की लावायचं पांढरं मलम जस्ताचंच, कॅलामाइनच्या गुलाबी लोशनमध्येही जस्तच. टायटॅनियम डायऑक्साइड तर घराच्या भिंतीला देतो त्या पांढऱ्या रंगात असतं. ते ज्या काळ्या, जड रेतीपासून काढतात ती इल्मेनाइटची रेती आपल्याच कोकणात, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सापडते. क्रिकेट बघणाऱ्यांना अॅलन डोनाल्ड आठवत असेल. नाकागालांवर पांढरे पट्टे ओढून तो धावत यायचा, तेव्हा आपल्याकडे पुष्कळांना ते फलंदाजाला घाबरवण्यासाठी लावलेलं रंगकाम वाटायचं. ते जस्ताचं मलम होतं.

ही भुकटी किरण कशी अडवते? याचं सोपं म्हणून सांगितलं जाणारं उत्तर असं, की मिनरल सनस्क्रीन आरशासारखं किरण परतवून लावतं आणि दुसऱ्या प्रकारचं, ज्याला ‘केमिकल’ म्हणतात ते, किरण शोषून घेतं. पुष्कळ पुस्तकांत, जाहिरातींत, अगदी डॉक्टरांच्या तोंडीही हे ऐकू येतं. ते खरं नाही. प्रत्यक्ष मोजमाप केलं तेव्हा दिसलं, की ही भुकटी अतिनील किरणांपैकी जेमतेम चार-पाच टक्के परतवते. बाकीचं काम ती शोषूनच करते.

शोषते म्हणजे काय करते? झिंक ऑक्साइडच्या कणात इलेक्ट्रॉन खालच्या मजल्यावर बसलेले असतात. वरचा मजला रिकामा असतो, पण मधे जिना नाही. वर जायचं तर एकाच उडीत. ती उडी मारायला जेवढा जोर लागतो, तेवढा दृश्य प्रकाशाच्या किरणात नसतो, म्हणून तो किरण इलेक्ट्रॉनला हलवू शकत नाही आणि कणाला वळसा घालून किंवा विखरून निघून जातो. अतिनील किरणात मात्र तेवढा जोर असतो. तो कणावर आदळला की इलेक्ट्रॉन वरच्या मजल्यावर जातो आणि किरण तिथेच संपतो. मग इलेक्ट्रॉन खाली येतो, घेतलेली शक्ती बहुतांशी किंचित उष्णतेच्या रूपाने सोडतो आणि पुढच्या किरणासाठी मोकळा होतो. झिंक ऑक्साइडसाठी ही सीमा सुमारे ३७० नॅनोमीटरच्या आसपास येते. म्हणजे ‘बी’ किरण सगळे आणि ‘ए’ किरणांपैकी बरेचसे तिच्या टप्प्यात येतात. टायटॅनियम डायऑक्साइड ‘बी’ला जोरात अडवतं, लांब पल्ल्याच्या ‘ए’ किरणांपुढे जरा कमी पडतं. म्हणून पुष्कळ मलमांत दोन्ही एकत्र असतात.

यातली कामाची गोष्ट ही, की कण या उद्योगात संपत नाही. काही केमिकल सनस्क्रीनमधले रेणू उन्हात हळूहळू मोडतात. त्यांना टिकवायला सोबत दुसरे पदार्थ घालावे लागतात. जस्ताचा कण सकाळी होता तसाच संध्याकाळी असतो. टायटॅनियमच्या कणाची एक खोड आहे. उन्हात तो आजूबाजूच्या पदार्थांशी खोडसाळपणा करतो. काही जुन्या पांढऱ्या रंगाच्या भिंतींवर हात फिरवला की खडूसारखी पूड येते, त्यामागे हेच कारण असतं. म्हणून मलमात घालण्याआधी त्या कणांवर सिलिका किंवा अॅल्युमिनाचं पातळ कवच चढवतात.

मग प्रश्न उरतो, की कण जर संपतच नाही, तर पुन्हा लावायचं कशाला? कारण कण संपत नाही, पण तो जागेवरून जातो. घामाबरोबर ओघळतो, पदराने पुसला जातो, चेहऱ्यावरच्या तेलात मिसळून सुरकुत्यांमध्ये गोळा होतो, बाहीला लागतो. छत्रीचं कापड शाबूत आहे, पण छत्रीच डोक्यावरून सरकली, असा हा प्रकार आहे. आणि आपण पहिल्यांदा उघडतो ती छत्री तरी पुरी असते का?

इथे थोडं गणित करावं लागेल. ट्यूबवर एसपीएफ ३० किंवा ५० असा आकडा असतो. एसपीएफ ३० म्हणजे कातडी लाल करणाऱ्या किरणांचा तिसावा भाग, सुमारे सव्वातीन टक्के, आत जातो. ५० म्हणजे दोन टक्के. ३० आणि ५० मध्ये लोक समजतात तेवढा फरक नाही. शिवाय हा आकडा मुख्यतः ‘बी’ किरणांचा. ‘ए’साठी ट्यूबवर ‘पीए’ लिहून पुढे अधिकची चिन्हं दिलेली असतात, ती तीन-चार असलेली बरी. पण हा एसपीएफ प्रयोगशाळेत मोजतात तेव्हा कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरवर दोन मिलिग्रॅम मलम लावलेलं असतं. चेहरा, कान आणि मान मिळून साधारण सहाशे चौरस सेंटिमीटर धरले, तर एका वेळेला सव्वा ग्रॅमच्या आसपास मलम लागतं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक जाड रेघ ओढली की साधारण तेवढं भरतं.

आता आपली पन्नास ग्रॅमची ट्यूब घ्या. सव्वा ग्रॅमप्रमाणे ती चाळीस वेळा पुरते. एका माणसाने रोज एकदा लावलं तर चाळीस दिवस, दिवसातून तीनदा लावलं तर दोन आठवडेसुद्धा नाही. आणि आपल्याकडे चार माणसांच्या घरात एक ट्यूब गणपतीला आणलेली होळीपर्यंत पुरते! सहा महिने, चौघं, रोज एकदा, असा हिशेब केला तर एकेकाच्या वाट्याला सत्तर मिलिग्रॅम येतं, हवं त्याच्या सतराव्या-अठराव्या भागाइतकं. ट्यूबवरचा ५० हा आकडा त्या चेहऱ्याला लागूच होत नाही. निम्मं लावलं तर संरक्षण निदान निम्म्यावर येतं, कधी त्याहूनही खाली. म्हणून सनस्क्रीन ‘चालत नाही’ अशी तक्रार कुणी केली, की मी आधी ट्यूब किती दिवस पुरली ते विचारतो. नावाची चौकशी नंतर.

लोक कमी लावतात त्याला कंजूषपणा हे एकच कारण नाही. ही भुकटी पांढरी असते. काच पारदर्शक असते, पण कुटून तिचं पीठ केलं की पांढरंशुभ्र दिसतं, कारण प्रत्येक कणाच्या कडेवर उजेड वळतो आणि विखुरतो. जस्ताचं तसंच. गोऱ्या कातडीवर तो पांढरेपणा खपून जातो. आपल्या गव्हाळ, सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखा दिसतो. मग माणूस वाटाण्याएवढं मलम घेऊन ते दिसेनासं होईपर्यंत चोळतो आणि चोळून चोळून थर विरळ करून टाकतो. यावर कारखान्यांनी दोन उपाय काढले. एक, कण फार बारीक करायचे, शंभर नॅनोमीटरच्या खाली. ते दृश्य उजेड कमी विखुरतात, म्हणून पांढरेपणा कमी होतो. हे बारीक कण धडधाकट कातडीच्या मेलेल्या वरच्या थरापलीकडे जात नाहीत असंच आजवर दिसलं आहे. मात्र ते श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊ नयेत, म्हणून फवाऱ्यापेक्षा मलम बरं.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. मलमात आयर्न ऑक्साइड मिसळायचं, म्हणजे आपला गेरू. कुंडीला आणि तुळशीवृंदावनाला लावतो त्याच जातीचा लाल, पिवळा, काळा रंग, अर्थात शुद्ध केलेला. त्याने मलमाला कातडीचा रंग येतो, राखाडी छटा जाते आणि एक मोठा फायदा पदरात पडतो. सावळ्या कातडीवर काळे डाग गडद करण्यात अतिनील किरणांबरोबर दृश्य उजेडाचा, विशेषतः निळ्या उजेडाचाही हात असतो. जस्ताचा बारीक कण तो उजेड अडवत नाही, गेरू अडवतो. त्यामुळे गालांवर वांग असलेल्या बाईला रंगीत मिनरल सनस्क्रीन साध्या पांढऱ्यापेक्षा अधिक उपयोगी पडतं. वांगाची बाई वाडीत किंवा किनाऱ्यावर राबणारी असेल, तर तिच्या बाबतीत हे मलम शोभेची वस्तू राहत नाही. डॉक्टरांनी दिलेली वांगाची इतर औषधं या थराशिवाय पाण्यात जातात. मात्र घरी गेरू आणि जस्ताची भुकटी खोबरेल तेलात कालवून कुणी प्रयोग करू नये. कण एकसारखे पसरणं हीच तर कारखान्यातली खरी करामत. घरी गुठळ्या होतात आणि गुठळ्यांच्या मधून ऊन सरळ आत जातं. नुसतं खोबरेल तेल, हळद, चंदन, मुलतानी माती यांनी कातडीला बरं वाटत असेल, पण ती सनस्क्रीनच्या जागी चालणार नाहीत.

आता मूळ प्रश्न, पुन्हा कधी लावायचं. आधी एक गैरसमज दूर करू. ‘मला दहा मिनिटांत ऊन लागतं, एसपीएफ ३० लावलं म्हणजे तीनशे मिनिटं, पाच तास बघायला नको,’ असा हिशेब पुष्कळ जण सांगतात. सकाळी आठचं ऊन आणि दुपारी एकचं ऊन एक नव्हे. शिवाय पाच तास थर जागेवर राहत नाही. एसपीएफ हा आकडा किती किरण आत जातात हे सांगतो, किती वाजेपर्यंत बाहेर राहावं हे सांगत नाही.

ब्रायन डिफी नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी २००१ साली या प्रश्नाचं गणित मांडलं होतं. त्यांचं म्हणणं असं: उन्हात जाण्याआधी पंधरा ते तीस मिनिटं मलम लावा आणि उन्हात गेल्यावर पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा लावा. दोन तास थांबण्यापेक्षा हा लवकरचा दुसरा हात अधिक किरण वाचवतो. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. नुकतंच तर लावलं, मग पुन्हा का? कारण उघड आहे. पहिल्या हातात आपण कमी लावलेलं असतं, कानामागे, मानेवर, केसांच्या कडेला राहून गेलेलं असतं. भिंतीला चुन्याचा पहिला हात दिल्यावर जशा मोकळ्या जागा दिसतात, तशा या थरातही असतात, फक्त आपल्याला दिसत नाहीत. दुसरा हात त्या भरून काढतो. त्यानंतर मात्र घड्याळापेक्षा काम बघायचं. खूप घाम आला, पोहलो, अंग पुसलं, की पुन्हा लावायचं. दोन तास ही बाहेर असणाऱ्यासाठी घातलेली वरची मर्यादा आहे; यातलं काही घडलं नाही असं वाटलं तरी तेवढ्या वेळात थर विस्कटलेला असतो.

हे आपल्या माणसांना लावून बघू. समजा, एक बाई आगाशीहून सकाळी सातला निघते, विरारहून लोकल पकडते, दिवसभर चर्चगेटच्या कचेरीत पंख्याखाली बसते आणि सातला परतते. जाता-येता ऊन कोवळं. तिने सकाळी एकदा नीट लावलं तर दर दोन तासांनी खुर्चीत बसून चेहरा माखण्याचं काही कारण नाही. दुपारी एकला जेवायला किंवा बँकेच्या कामाला बाहेर पडायचं असेल, तर त्याआधी एकदा. दिवसभर उन्हाच्या खिडकीशी बसणाऱ्याची किंवा वांगासाठी उपचार घेणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्यांनी दुपारी एकदा लावावंच.

समजा, दुसरी बाई वाडीत भाजी खुडते. तिने सकाळी तोंड धुतल्यावर एकदा लावावं, ऊन चढायच्या सुमारास, नऊ-साडेनऊला, दुसऱ्यांदा. त्यानंतर तिचा खरा शत्रू आहे तिचाच पदर. घाम आला की पदराने खसाखसा तोंड पुसायची सवय आपल्या हाडात आहे, आणि तसं एकदा पुसलं की थर गेला. घाम टिपावा, पुसू नये. पुसलाच तर पुन्हा लावावं, मग मधे वीस मिनिटं गेली असोत की दीड तास. धूळ-मातीवर मलम थापू नये. ओल्या फडक्याने चेहरा टिपून, कोरडा होऊ देऊन मग पुरेसं लावावं. अर्नाळ्याला वलांडीशी उभ्या असणाऱ्या बाईला, सुकेळ्यांसाठी राजेळी केळी उन्हात मांडून ती परतत बसणाऱ्या माणसालाही हेच लागू. वस्तू वाळवायला जे ऊन लागतं, त्याच उन्हात ही माणसं उभी असतात; सावलीत जा असा सल्ला त्यांना देऊन भागत नाही.

आणि समुद्रात उतरणारे. ‘वॉटर रेझिस्टंट’ याचा अर्थ पाण्यात धुऊन जाणार नाही असा नाही. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे पाण्यात चाळीस किंवा ऐंशी मिनिटं टिकलं तर तसं लिहिता येतं. बाहेर येऊन टॉवेलने अंग पुसलं की तीही मुदत संपली. वाळू चिकटली आणि झटकली, तरी तेच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मलम लावूच नये. त्याला सावली आणि सुती कपडा. त्याहून मोठ्या मुलांना मिनरल प्रकारच सोयीचा, कारण तो सहसा चुरचुरत नाही. किनाऱ्यावरच्या छत्रीखाली बसूनही मलम लागतं, कारण अतिनील किरण मोकळ्या आकाशातून विखरून बाजूनेही येतात. दाट झाडाची सावली त्या मानाने कितीतरी चांगली. वाड्या तोडून इमारती झाल्या त्यात आगाशीच्या माणसाने काय काय घालवलं, त्या यादीत ही सावलीही धरावी.

पैशाचं न बोलता हा विषय पुरा होत नाही. एका ट्यूबला काही शे रुपये पडतात आणि उन्हात राबणाऱ्याने नियमाप्रमाणे लावली तर ती दोन आठवडेही पुरत नाही, हे आपण आत्ताच पाहिलं. मजुरीवर जगणाऱ्या घराला हा सल्ला देणं सोपं, पाळणं अवघड. म्हणून मी क्रम उलटा सांगतो. आधी कपडा. घट्ट विणीचा, सैल, पूर्ण बाह्यांचा, गडद रंगाचा कपडा दिवसभर न पुसला जाणारं सनस्क्रीन आहे. पातळ पांढरा सदरा घामाने भिजला की त्यातून बरेच किरण आत जातात. रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरून मानेपर्यंत घेतलेला पदर, आणि काळी छत्री. मग जेवढं उघडं राहतं, म्हणजे गाल, नाक, कान, मानेची मागची बाजू, पालथे हात, तेवढ्यालाच मलम. पण तेवढ्याला मात्र भरपूर. सगळ्या अंगाला पातळ हात फिरवण्यापेक्षा नाकागालाला जाड थर देणं शहाणपणाचं. ओठ आणि नाकाचा शेंडा यांना तर पांढरं दिसलं तरी चालेल असं जाड लावावं. डोनाल्डला चाललं, आपल्याला चालायला हरकत नाही.

आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन आहे, ते स्वतः थोडंफार संरक्षण देतं, आणि कातडीचा कर्करोग आपल्याकडे गोऱ्या लोकांच्या मानाने कमी आढळतो. तेव्हा भीती घालायचं कारण नाही. पण वांग, उन्हाने चिघळणारे ल्युपससारखे आजार, काही औषधांमुळे उन्हाला नाजूक झालेली कातडी, अंगावरचं कोड, ज्यात मेलॅनिनच नसतं, आणि जन्मतः रंगहीन कातडी असलेली माणसं यांना हा थर टाळता येण्यासारखा नाही. डोळ्यांना तर मलम लावता येत नाही. मोतीबिंदू आणि बुबुळाकडे सरकणारा मांसल पडदा या दोन्हींशी उन्हाचा संबंध आहे, त्यासाठी टोपी आणि चष्मा.

सनस्क्रीन उष्माघात थांबवत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात उघड्यावर बसलेल्या गर्दीत जे मृत्यू झाले, ते उष्णतेने. चेहऱ्यावर कितीही जस्त असलं तरी पाणी, सावली आणि विश्रांती यांना पर्याय नाही. मलम लावलं म्हणून उन्हात जास्त वेळ थांबावंसं वाटतं, हा त्याचा एक दुर्गुण म्हणा.

राहता राहिल्या दोन बारीक गोष्टी. ट्यूब वाडीच्या कुंपणावर किंवा गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवू नये. तापून मलम फुटतं, तेल वर आणि भुकटी खाली होते, आणि मग थर एकसारखा बसत नाही. वापरण्याआधी बाटली हलवून घ्यावी, तारीख बघावी. आणि संध्याकाळी नुसत्या पाण्याने हा थर जात नाही. आधी दोन थेंब खोबरेल तेल चोळावं, फडक्याने पुसावं, मग साबण. तेलाची खरी वेळ ही. सकाळी मलमाच्या आधी नव्हे.